साखरेचा दगड का होतो?



'ब्राऊन शुगर' हे शब्द काही वर्षांपूर्वी आपल्या कानांवर पडत ते पोलिसांच्या छाप्यांच्या बातम्यांमधून. एका जीवघेण्या अमली पदार्थाचे ते बाजारी नाव होते, आणि अजूनही आहे. आता तेच शब्द किराणा दुकानाच्या फळीवर, एका निरुपद्रवी तपकिरी साखरेच्या पाकिटावर छापलेले आढळतात. घरोघरी केक आणि बिस्किटे भाजण्याची हौस वाढली, परदेशी राहणाऱ्या लेकीसुनांकडून तिकडच्या पाककृती येऊ लागल्या, आणि 'पांढरी साखर वाईट, तपकिरी साखर चांगली' हा समजही त्यांच्यासोबत घरात शिरला. परिणामी आपल्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा एक होता, तेथे आता तीन झाले आहेत: नेहमीची पांढरी साखर, ब्राऊन शुगर आणि गूळ पावडर.

या तीन डब्यांविषयी रुग्ण आणि वाचक मला दोन प्रकारचे प्रश्न विचारतात. पहिला प्रश्न गृहिणींचा असतो. हौसेने आणलेली ब्राऊन शुगर महिन्याभरात दगडासारखी का होते, आणि तशी झालेली साखर टाकून द्यावी की वापरावी? दुसरा प्रश्न बहुधा मधुमेही किंवा वजन वाढलेल्या मंडळींचा असतो. ही साखर आम्हाला चालेल ना? वरवर पाहता एक प्रश्न डब्याचा आणि दुसरा देहाचा आहे. मात्र दोन्हींची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात, म्हणून आज ती एकत्र पाहू.

एका पातळ थराची कथा

ब्राऊन शुगर म्हणजे साखरेच्या पांढऱ्या स्फटिकांवर उसाच्या मळीचा पातळ थर असलेली साखर. उसाचा रस आटवून साखरेचे दाणे वेगळे काढल्यावर जो दाट, काळपट, कडवट गोडीचा द्रव उरतो, त्यास मळी म्हणतात. काही कारखान्यांत हा थर दाण्यावर मुळातच राहू दिला जातो. पुष्कळ ठिकाणी मात्र शुद्ध केलेल्या पांढऱ्या साखरेतच मळी पुन्हा मिसळली जाते. फिकट ब्राऊन शुगरमध्ये मळीचे प्रमाण साधारण साडेतीन टक्के आणि गडद प्रकारात साधारण साडेसहा टक्के असते. उरलेली सारी साखरच होय.

या थरात थोडे पाणी असते. त्यामुळे ताजी ब्राऊन शुगर हाताला किंचित ओलसर लागते आणि मुठीत दाबली तर ओल्या वाळूसारखी तिची मूठ वळते. पाकीट उघडे राहिले की हवा या थरातील पाणी ओढून घेते. पाणी उडाले म्हणजे त्यात विरघळलेल्या साखरेचे पुन्हा स्फटिक बनतात आणि ते शेजारच्या दोन दाण्यांना सिमेंटसारखे एकमेकांत जखडून टाकतात. साखरेचा दगड होतो तो असा. साखर जुनी झाली, नासली किंवा तिच्यात भेसळ होती, असा त्याचा अर्थ नाही. तिच्यातले पाणी गेले, एवढेच घडलेले असते.

बाजारात ब्राऊन शुगर या नावाखाली आणखी एक प्रकार मिळतो. तिचे दाणे मोठे, चमकदार आणि कोरडे असतात. डेमेरारा म्हणतात ती साखर या जातीची. दक्षिण अमेरिकेतील गयाना देशाच्या डेमेरारा प्रांतावरून हे नाव पडले. या साखरेची मूठ वळत नाही आणि ती सहसा दगडही होत नाही. आपल्याकडील पाकिटात कोणता प्रकार आहे, हे मुठीत दाबून ओळखता येते.

लक्षण एक, कारणे दोन

ताप हे लक्षण आहे, आजार नव्हे. मलेरियाचा ताप आणि टॉन्सिलचा ताप यांना एकच औषध लागू पडत नाही. साखरेच्या गुठळीचेही तसेच आहे. तिन्ही डब्यांत गुठळ्या होतात, परंतु त्यांचे कारण निरनिराळे असते, आणि कारण न ओळखता केलेला उपाय त्रास वाढवतो.

ब्राऊन शुगर घट्ट होते ती ओल निघून गेल्यामुळे. पांढऱ्या साखरेत गुठळ्या होतात त्या आधी ओल शिरल्यामुळे. तिच्या दाण्यांवर मळीचा थर नसतो. बाहेरून दमटपणा आला की दाण्यांचा पृष्ठभाग थोडा विरघळतो आणि नंतर हवा कोरडी झाली की ते दाणे एकमेकांना चिकटून वाळतात. शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवलेला डबा, उकळत्या चहाच्या पातेल्यावर डबा धरून साखर घालण्याची सवय आणि ओला चमचा, ही तिची नेहमीची कारणे होत.

गूळ पावडरीची प्रकृती तर आणखी वेगळी. गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साध्या शर्कराही बऱ्याच प्रमाणात असतात आणि त्या हवेतील पाणी फार लवकर शोषून घेतात. म्हणूनच पावसाळ्यात गुळाची ढेप पाघळते आणि गूळ पावडरीचा डब्यातच चिकट गोळा होतो.

आता उपाय पाहा. ब्राऊन शुगरला थोडी ओल परत द्यावी लागते. पांढरी साखर आणि गूळ पावडर यांना ओलीपासून जपावे लागते. जो ओलावा एकीला मऊ करतो, तोच दुसरीला बिघडवतो. तिन्ही डब्यांना एकच युक्ती लावणाऱ्या घरात एक तरी डबा बिघडलेला असतो, तो यामुळे.

ऋतूचा आणि गावाचाही विचार करावा लागतो. नागपूर-अमरावतीच्या मे महिन्यातील कोरड्या उन्हाळ्यात उघडी राहिलेली ब्राऊन शुगर पाहता पाहता कडक होते. तीच साखर रत्नागिरीच्या जुलैत महिनाभर मऊ राहील, पण शेजारचा गूळ मात्र पाघळेल. दिवसरात्र वातानुकूलन चालणाऱ्या शहरी घरांतील हवाही कोरडीच असते. अमेरिका किंवा कॅनडात राहणाऱ्या आपल्या मंडळींना हिवाळ्यात, बंद घर तापवलेले असताना, ब्राऊन शुगर कडक झाल्याचा अनुभव येतो, त्याचेही कारण हेच.

साठवण कशी करावी

ब्राऊन शुगरसाठी घट्ट झाकणाचा काचेचा किंवा प्लास्टिकचा हवाबंद डबा घ्यावा. नुसत्या बसत्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यातून हवा आतबाहेर होत राहते, म्हणून तो या साखरेस पुरत नाही. डबा साखरेच्या मापाचा असावा. मोठ्या डब्याच्या तळाशी मूठभर साखर ठेवली तर वरची रिकामी हवाच तिला वाळवते. पाकिटातच ठेवायची असेल तर आतली हवा दाबून बाहेर काढावी, तोंड घट्ट दुमडून चिमटा लावावा आणि ते पाकीट दुसऱ्या झिपच्या पिशवीत घालावे.

ही साखर उघड्या पाकिटात फ्रिजमध्ये ठेवू नये. फ्रिजमधील हवा कोरडी असते आणि ती साखरेतील ओल काढून घेते. औषधांच्या बाटलीत येणारी ओल शोषणारी पुडीही या डब्यात टाकू नये. ती साखरेला आणखी वाळवील. शिवाय अशा पुड्या खाद्यपदार्थांच्या डब्यात पुन्हा वापरणे आणि लहान मुलांच्या हाताशी ठेवणे, दोन्ही अयोग्य आहे.

पांढरी साखर कोरड्या डब्यात, शेगडीपासून दूर ठेवावी आणि तिच्यासाठी कोरडा चमचा वेगळा राखावा. गुठळ्या झाल्या असतील तर बत्त्याने हलके कुटून साखर चाळून घ्यावी. एवढे पुरे.

गूळ आणि गूळ पावडर पावसाळ्यापुरती लहान लहान हवाबंद डब्यांत विभागून ठेवावी. एका वेळी एकच डबा उघडला जातो आणि बाकीच्यांना दमट हवा लागत नाही. हे डबे फ्रिजमध्ये ठेवल्यास चालते. मात्र बाहेर काढल्यावर डबा घरातील तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडू नये. थंड गुळावर हवेतील बाष्पाचे थेंब जमतात आणि जी ओल टाळायची तीच आत शिरते.

दगड झालेली साखर पुन्हा मऊ करताना

गेलेले पाणी परत द्यायचे आहे, परंतु साखरेवर पाणी शिंपडायचे नाही, हे आधी लक्षात घ्यावे. थेट पाणी पडले की त्या जागी पाक तयार होतो आणि बाकीची साखर कोरडीच राहते. ओल हवेतून, सावकाश, सर्वत्र सारखी पोहोचली पाहिजे.

याकरिता परदेशात भाजलेल्या मातीच्या चकत्या विकत मिळतात. आपल्याकडे त्याहून सोपी वस्तू आहे: मातीची नवी, न रंगवलेली पणती. तेल न लागलेली पणती स्वच्छ धुऊन वीस मिनिटे पिण्याच्या पाण्यात बुडवून ठेवावी. बाहेर काढून ती फडक्याने चांगली पुसावी. थेंब टपकता कामा नये. मग ती साखरेवर ठेवून डबा घट्ट बंद करावा. एक ते दोन दिवसांत साखर सुटी होते. त्यानंतर पणती काढून घ्यावी. रंगीत किंवा चकाकी दिलेली पणती मात्र वापरू नये. तिच्या रंगात काय आहे, हे आपल्याला माहीत नसते.

पणती नसेल तर पावाचा एक काप किंवा सफरचंदाची फोड हेच काम करते. ती साखरेला न टेकता, छोट्या वाटीत ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने काढून टाकावी. विसरलेल्या पावाला बुरशी येते आणि मग सारा डबाच टाकावा लागतो. पावसाळ्यात म्हणूनच पणती बरी.

साखर तातडीने हवी असेल तर उष्णतेचा उपाय आहे. काचेच्या भांड्यात साखर घ्यावी, वर ओलसर केलेला स्वयंपाकघरातील कागद झाकावा आणि मायक्रोवेव्हमध्ये पंधरा ते वीस सेकंद तापवून पाहावे. गरज पडल्यास पुन्हा तितकेच सेकंद. एकदम दोन मिनिटे ठेवू नये. ओव्हन असल्यास १२० अंश सेल्सिअसला सुमारे पाच मिनिटे पुरतात. ही मऊपणाची मुदत थोडी असते. थंड होताच साखर पुन्हा घट्ट होते, म्हणून लागेल तेवढीच तापवावी आणि लगेच वापरावी. आणि जो पदार्थ पाकाचाच आहे, त्यासाठी एवढी खटपट कशाला? खडा तसाच पातेल्यात टाकला तरी तो पाण्यात विरघळतोच.

हाताला जपा

या विषयात डॉक्टरने लक्ष का घालावे, असे कोणास वाटेल. त्याचे एक कारण जखमा हे आहे. कडक गूळ, नारळ, बर्फासारखी गोठलेली मटारची पिशवी आणि आता ही दगड झालेली साखर, या वस्तू डाव्या तळहातावर धरून उजव्या हातातील सुरीचे टोक त्यांत खुपसण्याची पद्धत सर्रास दिसते. सुरी निसटते ती थेट तळहातात किंवा बोटांच्या बेचक्यात. तेथील जखम बाहेरून अर्धा सेंटिमीटर दिसली तरी आत स्नायूची दोरी किंवा मज्जातंतू कापला गेलेला असू शकतो.

म्हणून खडा फोडायचाच असेल तर तो स्वच्छ जाड फडक्यात गुंडाळून ओट्यावर किंवा पाट्यावर ठेवावा आणि वरून बत्त्याने अथवा लाटण्याने ठोकावा. गूळ किसणीवर किसावा किंवा पाटावर ठेवून चिरावा. हातात धरून नव्हे. मोठा खडा मिक्सरमध्येही टाकू नये.

तरीही हात कापलाच, तर जखम वाहत्या पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटे घट्ट दाबून धरावी आणि हात उंच ठेवावा. रक्त थांबले का, हे दर मिनिटाला उघडून पाहू नये. दहा मिनिटांनंतरही रक्त वाहत असेल, बोट पूर्ण वाकत किंवा सरळ होत नसेल, किंवा बोटाचे टोक बधिर लागत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. धनुर्वाताची शेवटची लस केव्हा घेतली होती, तेही सांगावे. जखमेत हळद किंवा साखर भरून येऊ नये. आत काय कापले आहे ते पाहण्यासाठी आम्हाला ती आधी काढावी लागते आणि त्यात आपलेच हाल होतात.

दुसरा धोका भाजण्याचा. वितळलेली साखर उकळत्या पाण्याहून अधिक तापू शकते आणि ती त्वचेला चिकटून बसते, त्यामुळे खोलवर भाजते. तशी ती अंगावर पडल्यास ओरबाडून काढू नये. भाजलेला भाग नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. साखर पाण्यात आपोआप विरघळून सुटते. बर्फ, टूथपेस्ट, तूप यांपैकी काही लावू नये. भाजलेली जागा तळहाताहून मोठी असेल, चेहऱ्यावर किंवा सांध्यावर असेल, अथवा रुग्ण लहान मूल असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

टाकून केव्हा द्यावी?

नुसती कडक झालेली साखर खाण्यास सुरक्षित असते. साखरेचे प्रमाण जेथे फार असते तेथे जंतूंना वाढण्याइतके पाणी मिळत नाही. आपला मुरांबा वर्षभर टिकतो तो याच तत्त्वावर. धोका निर्माण होतो तो पाणी शिरल्यावर. आंबूस किंवा दारूसारखा वास येत असेल, बुरशीचा पांढरा-हिरवा डाग दिसत असेल, पृष्ठभाग ओलाचिंब होऊन फेसाळला असेल, किंवा उंदीर-झुरळांचा वावर झाला असेल, तर तो डबा संपूर्ण रिकामा करावा. बुरशीचा वरचा भाग काढून खालची साखर वापरणे योग्य नाही. मऊ, ओलसर पदार्थात बुरशीचे धागे दिसतात त्याहून खोल गेलेले असतात.

गुळाला मुंगळे लागायचेच. साखरेच्या डब्यात चार लवंगा टाकण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्यात अपाय काही नाही, परंतु खरा भरवसा घट्ट झाकणाचा आणि डब्याभोवती न सांडलेल्या साखरेचा. मुंग्यांसाठी मिळणारा कीटकनाशक खडू मात्र अन्नाच्या फळीवर कधीही ओढू नये. त्याची पांढरी पूड साखरेसारखीच दिसते, आणि फळीपर्यंत हात पोहोचणाऱ्या मुलाला त्यांतील भेद कळत नाही.

गुठळी जेथे जिवाशी येते

केकमध्ये साखर चमचाभर कमी पडली तर फार बिघडत नाही. दोन प्रसंग मात्र असे आहेत की तेथे साखरेचे माप चुकता कामा नये.

पहिला प्रसंग जुलाबाचा. ओआरएसची पुडी मिळत असेल तर तीच वापरावी आणि पुडीवर लिहिले असेल नेमके तितक्याच पाण्यात ती संपूर्ण विरघळवावी. पुडी मिळेपर्यंत घरी पाणी तयार करायचे झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण आहे. येथे 'सपाट' हा शब्द महत्त्वाचा. गुठळ्यांची साखर चमच्यात सपाट बसत नाही. कधी पोकळी राहते, तर कधी शीग चढते. दाबून भरलेली ओलसर ब्राऊन शुगर चमच्यात अधिक मावते. पाण्यात साखर जास्त झाली तर ती आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. म्हणून या कामासाठी सुटी, चाळलेली पांढरी साखर घ्यावी आणि मिठाच्या गुठळ्याही फोडून घ्याव्यात.

दुसरा प्रसंग मधुमेहाच्या रुग्णाची रक्तशर्करा एकाएकी उतरण्याचा. इन्शुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्या रुग्णाला घाम सुटतो, हातपाय कापतात, छातीत धडधडते, बोलणे असंबद्ध होऊ लागते. रक्तशर्करा ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, की सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन-चार चमचे, पाण्यात विरघळवून लगेच द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. अशा वेळी घट्ट झालेला डबा घेऊन बत्ता शोधत बसण्याची पाळी येऊ नये. मधुमेही असलेल्या प्रत्येक घरात ग्लुकोज पावडरीचा लहान डबा ठरलेल्या जागी असावा आणि ती पावडर सुटी आहे ना, हे महिन्यातून एकदा पाहावे. ॲकार्बोज किंवा व्होग्लिबोज हे औषध असलेल्या गोळ्या जे घेतात, त्यांच्या बाबतीत नेहमीच्या साखरेचे पचन ही औषधे रोखून धरतात. म्हणून त्यांना ग्लुकोजच द्यावे लागते. आपल्या गोळ्यांत हे औषध आहे का, हे आजच डॉक्टरांना विचारून ठेवावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर मात्र तोंडातून काहीही न घालता त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

तपकिरी रंगाचा भ्रम

आता दुसरा प्रश्न. ब्राऊन शुगर प्रकृतीला अधिक चांगली का? ज्या पातळ थरामुळे ती दगड होते, त्याच थरामुळे ती पौष्टिक असल्याचा समज झाला आहे. तेव्हा हिशेब करून पाहू.

१०० ग्रॅम पांढऱ्या साखरेतून सुमारे ३८७ किलोकॅलरी मिळतात, तर तेवढ्याच ब्राऊन शुगरमधून सुमारे ३८०. हा फरक जवळजवळ सगळा तिच्यातील पाण्याचा आहे. मळीत लोह, कॅल्शियम आणि पोटॅशियम असते, हे खरे; पण थर किती पातळ आहे हे विसरून चालत नाही. १०० ग्रॅम ब्राऊन शुगरमध्ये लोह साधारण ०.७ मिलिग्रॅम असते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली दिलेल्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह हवे. ते केवळ या साखरेतून मिळवायचे म्हटले, तर रोज चार किलोहून अधिक साखर खावी लागेल. तिच्यातून पंधरा हजारांहून अधिक किलोकॅलरी पोटात जातील. यावर वेगळे भाष्य नको.

गुळात खनिजे ब्राऊन शुगरपेक्षा अधिक असतात. पण गूळही मुख्यतः साखरच आहे, आणि मधुमेहाच्या रक्तात तिन्ही डब्यांतील गोडी एकाच वाटेने पोहोचते. 'मी साखर सोडली, आता गुळाचा चहा घेतो' असे सांगणाऱ्या रुग्णाचा तीन महिन्यांचा साखरेचा अहवाल पाहताना त्याच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य मी वारंवार पाहतो. त्याने प्रामाणिकपणे पथ्य पाळलेले असते. फक्त ते पथ्य रंगाचे होते, साखरेचे नव्हते. आणि साखर चांगली आहे या भरवशावर एकाऐवजी दोन चमचे पडलेले असतात, ते निराळेच.

याहून अधिक काळजी मला वाटते ती थकलेल्या, फिकट दिसणाऱ्या, जिना चढताना धाप लागणाऱ्या स्त्रियांची. 'रक्त कमी असेल, गूळ खाते आहे' म्हणत त्या महिनोन्महिने तपासणी लांबवतात. हिमोग्लोबिनची चाचणी साधी आणि स्वस्त आहे. रक्त कमी असल्यास त्याचे कारण शोधावे लागते: मासिक पाळीतील अतिस्राव, मूळव्याध, जंत, क्वचित पोटातील एखादा गंभीर आजार. गोडाच्या खड्याने ही कारणे दूर होत नाहीत, उलट झाकली जातात. पालेभाज्या, कडधान्ये, त्यांवर पिळलेले लिंबू आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या, हा खरा मार्ग होय.

मग साखर खावी तरी किती? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली मर्यादा अशी की वरून घातलेली साखर, गूळ, मध आणि फळांचे रस यांतून मिळणारी शर्करा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी. ५ टक्क्यांखाली असल्यास अधिक चांगले. २,००० किलोकॅलरींच्या आहारात १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम आणि ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. २५ ग्रॅम म्हणजे पाच-सहा सपाट चमचे. दोन-दोन चमच्यांचे दोन चहा घेतले की त्यांतले चार संपले. बिस्किटे, सॉस, सरबत आणि सणाची गोडी अजून मोजायचीच आहे.

दोन वर्षांखालील बाळाच्या अन्नात तर साखर किंवा गूळ, कोणत्याही रंगाचा, मुळीच घालू नये. नाचणीची पेज त्याला गोड नसली तरी आवडते. गोडाची सवय आपण लावतो. आणि नवजात बाळाला मधाचे बोट चाटवण्याची प्रथा कितीही प्रेमाची असली, तरी पहिले वर्ष पूर्ण होईपर्यंत मध देऊ नये. मधात क्वचित असणाऱ्या जंतूच्या बीजांमुळे लहान बाळाला बोटुलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो.

ब्राऊन शुगर घरात आणू नये, असे माझे म्हणणे नाही. तिच्या मळीला एक खास चव आहे, केकला आणि बिस्किटाला तिच्यामुळे जो ओलसर मऊपणा येतो तो पांढऱ्या साखरेने येत नाही. तिचा उपयोग चवीसाठी करावा, औषध म्हणून नव्हे. मोठ्या पाकिटाऐवजी लहान पाकीट आणावे आणि उघडल्याची तारीख झाकणावर लिहावी. आणि तिन्ही डब्यांसाठी मिळून दिवसाचे चमचे एकदाच मोजावेत, कारण डबे तीन असले तरी ते रिकामे होतात ते एकाच देहात.